घर आधी की शाळा आधी?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा कामगार चळवळीच्या इतिहासावर काही ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. तो विषय आम्ही सोडलेला नाही. फक्त त्यात कारखान्याच्या दरवाजातून न शिरता आज घराच्या दरवाजातून शिरायचे योजले आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण काही रात्रशाळेत, काही वाचनालयात आणि बरेचसे लेबर कोर्टाबाहेरच्या बाकावर झाले. कल्याणात १८६४ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे, तेव्हा या शहरात माणूस शाळेवाचून अगदीच अडाणी राहण्याचे कारण नाही, एवढाच आमचा आधार.

गेल्या पावसाळ्यात युनियनच्या कचेरीत एक तरुण जोडपे आले. तो तळोज्याच्या एका कारखान्यात नुकताच कायम झालेला. ती कपडे शिवायच्या कारखान्यात. मुलगी पाच वर्षांची. मुलगा म्हणाला, "दादा, शीळफाट्याला वन बीएचके बुक करू, की डोंबिवलीत भाड्याने राहू? पोरगी जूनमध्ये पहिलीला जाणार." आम्ही नेहमीच्या सवयीने त्याची पगाराची चिठ्ठी मागितली, हप्ता किती बसतो ते मांडले, आणि सांगणार होतो की झेपत असेल तर घे. तेवढ्यात ती म्हणाली, "काका, हप्त्याचा हिशेब आम्हीपण केला. तिथे शाळा कोणती, ते विचारायला आलो." आम्हाला उत्तर देता आले नाही. ज्या फाट्यावरून तीस वर्षे आम्ही मोर्चे नेले, तिथे मुलाने शाळेत कुठे जावे हे आम्हाला ठाऊक नव्हते. हे व्याख्यान त्या न दिलेल्या उत्तरातून निघाले आहे.

प्रथम जागेविषयी दोन शब्द. शीळफाटा हे गाव नव्हे. गाव शीळ, फाटा रस्त्याचा. ठाण्याहून मुंब्र्यावरून येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता इथे येऊन पनवेलकडे जातो. इथेच कल्याणचा रस्ता फुटतो, आणि पारसिकच्या डोंगरापलीकडे महापेला उतरणाराही इथूनच निघतो. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, तोवर पुण्याच्या बहुतेक मोटारी याच वाटेने जात. फाट्यावर माणूस चहा पितो आणि वळतो, राहत नाही, अशी जुनी रीत. गेल्या वीस वर्षांत मात्र माणसे इथे राहू लागली, आणि तीही हजारांनी. रेल्वेचे स्टेशन फाट्याला नाही. दिवा, मुंब्रा, निळजे किंवा डोंबिवली गाठावे लागते.

राज्य कोणाचे म्हणाल तर शीळ ठाणे महापालिकेत. कल्याण रस्त्याने पुढे गेलात की सत्तावीस गावे लागतात. ती १९८३ साली कल्याणच्या महापालिकेत घेतली, २००२ साली वगळली, २०१५ साली परत घेतली, २०२० साली त्यांतली अठरा पुन्हा वगळली, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ते वगळणे रद्द केले. दोन महापालिका, जिल्हा परिषद, एमआयडीसी आणि बिल्डर अशा पाच जणांच्या मध्ये मूल उभे आहे. शाळा कोणी बांधायची, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आता थोडे मागे जाऊ. मजुराच्या कुटुंबाने घर आणि शाळा पाहून वस्ती निवडावी, ही गोष्ट आज साधी वाटते. परंतु दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात मूल शाळेत जात नसे, गिरणीत जात असे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने काय उपकार केले? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम करून घ्यायचे नाही. १८९१ साली सातचे नऊ वर्षे झाले आणि मुलांचे तास सातवर आले. बारा वर्षांची अट यायला १९२२ साल उजाडले. म्हणजे आमच्या पणजोबांच्या पिढीत पहिलीच्या वयाचा मुलगा हा कायद्याच्या भाषेत कामगार होता. त्याच्या बापाने घर निवडले ते गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात. दुसरी कसोटी नव्हती.

याच काळात दोन माणसांनी दोन मागण्या केल्या. त्या एकत्र वाचायची आम्हाला सवय नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले: बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. आणि १८८४ साली त्यांच्याच सत्यशोधक परिवारातले नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागणीपत्र केले: रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे तास सूर्यास्तापर्यंत, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि जखमी झालेल्याला भरपाई. रविवार १८९० साली मिळाला. आम्हा युनियनवाल्यांना ही कथा तोंडपाठ असते. परंतु त्या मागणीपत्रात घर नाही आणि शाळाही नाही, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले. लोखंड्यांना आम्ही दोष देत नाही. चौदा तास राबणाऱ्याला आधी श्वास हवा. शिवाय शाळेची मागणी त्यांच्या गुरूने दोनच वर्षे आधी केलेली होती. त्यांच्या मनात ती दोन कामे एकाच चळवळीची असणार. पुढे आम्ही ती वेगळी केली. शाळा समाजसुधारकांकडे गेली, पगार युनियनकडे राहिला.

सक्तीच्या शिक्षणाची पुढची हकीकत आपणांस माहीत आहे. गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढल्या वर्षी पडले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ते करून दाखवले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्ती करायची मुभा मिळाली. मुभा बरे का, जबाबदारी नव्हे. एक नाव मात्र इथे घेतलेच पाहिजे. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, आणि १९२० साली आयटक उभारणाऱ्यांतही तेच होते. ज्याने कामगाराला पाटी दिली त्यानेच त्याला युनियन दिली. आम्ही पुढे त्यांचे नाव डिलाईल रोडला दिले आणि रात्रशाळा विसरलो.

घराची कथा प्लेगापासून सुरू होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, बागा, आणि शाळा-कॉलेजांना जागा. मराठी मध्यमवर्गाला घर, शाळा आणि मैदान एका हाकेच्या अंतरावर असू शकते हे प्रथम तिथे दिसले. बालमोहन विद्यामंदिर शिवाजी पार्कात १९४० साली निघाले ते याच वातावरणात. मजुराच्या वाट्याला त्यानंतर १९२०च्या दशकात बीडीडी चाळी आल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती, आणि कुटुंबाला एकशेसाठ चौरस फुटांची एकेक खोली. बागेच्या आखणीत एक वर्ग आणि खोलीच्या आखणीत दुसरा, ही वाटणी तेव्हाच झाली. तरी चाळीचे एक भाग्य होते. महापालिकेची शाळा पायी गाठता येई, आणि मूल उनाडत असेल तर चौथ्या खोलीतली मावशी कान धरून आणून सोडी. त्या मावशीचा पगार कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता.

आता आपल्या भागाकडे येऊ. आगगाडी ठाण्याला १८५३ साली आणि कल्याणला १८५४ साली आली. म्हणून कोणी लगेच डोंबिवलीत राहायला आले नाही. खरा लोंढा स्वातंत्र्यानंतरचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. परंतु नव्याने भाड्याने घर देणारा मालक नाहीसा झाला आणि पागडी आली. गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत तीन भाऊ मावेनात. तेव्हा कारकून, मास्तर आणि बँकेतला क्लार्क यांनी पासाचे पैसे, भाड्याचे पैसे आणि प्रवासाचे तास मांडून डोंबिवली पसंत केली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक इथले झाले.

हे लोक आले तेव्हा इथे सोयी नव्हत्या. पाणी नव्हते, रस्त्यात चिखल. तरी त्यांनी एक काम केले, जे आमच्या मते या शहराच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम आहे. त्यांनी शाळा काढल्या. टिळकनगर, स्वामी विवेकानंद ही नावे आज आपण स्टेशनाच्या नावासारखी घेतो, परंतु त्यांच्यामागे नागरिकांच्या संस्था आहेत. पेंढरकर कॉलेज १९६७ चे. शिक्षणाधिकारी येईल तेव्हा येईल, आपल्या मुलांचे वर्ग आपण भरवू, अशी ती रीत. कुटुंब शाळा निवडत नव्हते, उभी करत होते.

इथे एक कडू गोष्ट बोलतो, रागावू नका. हे त्यांना जमले, कारण त्यांचा पगार ठरलेला होता, संध्याकाळ मोकळी होती, अर्ज कसा लिहावा हे ठाऊक होते, आणि धर्मादाय आयुक्ताच्या कचेरीत कोणीतरी ओळखीचे निघे. त्याच डोंबिवलीत एमआयडीसी आली. तिच्या रंगाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांत पाळीने काम करणारा फिटर यातले काही करू शकत नव्हता. त्याचा मुलगा टिळकनगरच्या शाळेत गेला तर गेला. कित्येकदा गेला नाही.

कारखान्यांनी स्वतः शाळा काढल्या नाहीत असे नव्हे. स्कॉटलंडात रॉबर्ट ओवेनने ही कल्पना राबवली होती. न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत त्याने १८१६ साली मजुरांच्या मुलांसाठी शाळा उघडली. आपल्याकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याला एनआरसी यांच्या वसाहती झाल्या. घर, शाळा, दवाखाना सारे गेटाच्या आत. आम्ही तरुणपणी त्या वसाहतींतल्या मुलांचे पांढरेशुभ्र गणवेश पाहून जळायचो. पण मालकाच्या छपराखाली संसार मांडण्यात एक धोका असतो. २००९ साली एनआरसी बंद पडली, तेव्हा बापाची नोकरी, घर आणि मुलाचे भोवताल हे तिन्ही एकाच तारखेला हलले.

आमचे तसेच झाले, फक्त गिरणी वेगळी. वडील लालबागला राहत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. संप चांगला की वाईट यावर आम्ही रात्रभर बोलू शकतो, पण आज तो विषय नाही. सांगायचे ते इतकेच की संपाच्या दुसऱ्या वर्षी खोली सोडून आम्ही कल्याणच्या बाजूला आलो, ते खोली स्वस्त म्हणून. शाळा कुठे आहे हे घरात कोणी विचारले नाही. नव्या शाळेने दाखला मागितला. जुन्या शाळेत तो आणायला जायचे तर दिवसाची मजुरी बुडे. दोनदा गेलो, दोनदा हेडमास्तर नव्हते. तिसऱ्यांदा गेलो नाही. आम्ही आठवीत शाळा सोडली असे सांगतो खरे. पण शाळा आम्ही सोडली नव्हती. घर हलले आणि ती मागे राहिली.

या पार्श्वभूमीवर आजचा शीळफाटा पाहावा. एका बाजूला निळज्याकडे उंच मनोऱ्यांची नगरे आहेत. तिथे शाळा कुंपणाच्या आतच मिळते. न्यू लॅनार्कचीच ती नवी आवृत्ती, फरक एवढाच की इथे फी आहे. दुसऱ्या बाजूला डोंगराच्या कुशीत आणि रस्त्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या चाळी आणि इमारती. टॉवरमध्ये धुणी-भांडी करणारी बाई, गाड्या धुणारा, वॉचमन आणि गोदामातला हमाल इथे राहतात. आमचा बहुतेक सभासद इथेच.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा. अंमल १ एप्रिल २०१० पासून. पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा, हा नियम. जिथे शाळा नसेल तिथे सरकारने आणि स्थानिक संस्थेने तीन वर्षांत ती काढायची. ही मुदत ३१ मार्च २०१३ रोजी संपली. त्यानंतर चार दिवसांनी, ४ एप्रिलला, शीळच्या लकी कंपाउंडमध्ये एक बेकायदा इमारत कोसळली. वनखात्याच्या जमिनीवर काही महिन्यांत चढवलेली, वरचे काम चालू असतानाच खाली कुटुंबे राहायला आणलेली. ७४ माणसे मेली. त्यांत मुले होती. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे होतो. विटांच्या ढिगात पाठ्यपुस्तके सापडतात, हे कोणाला सांगून कळत नाही. त्यानंतर आम्ही तहसील कचेरीवर मोर्चा नेला, तो नुकसानभरपाईसाठी. मुदत संपलेल्या शाळांसाठी नेला नाही.

त्यानंतरही कागदावर विश्वास ठेवावा असे झाले नाही. २०१७ साली रेरा लागू झाला. आम्ही सभासदांना सांगू लागलो, रेरा नंबर पाहा आणि निर्धास्त घ्या. मग डोंबिवलीत ६५ इमारती निघाल्या. महापालिकेची खोटी परवानगी दाखवून त्यांनी रेराचा नंबर मिळवला होता. २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडायचा हुकूम केला. हप्ते भरणारे तिथे राहत होते. आणि शाळांचेही तसेच आहे. ठाणे महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते, तिच्यात दिवा, मुंब्रा आणि शीळ यांचा भरणा मोठा असतो. पाटीवर इंटरनॅशनल, आत तीन खोल्या, आणि सरकारी मान्यता नाही. मुलाचा दाखला पुढे चालेल की नाही याची शाश्वती नाही. बेकायदा इमारतीतले मूल बेकायदा शाळेत जाते, आणि त्याच्या आईबापांनी दोन्हीकडे पैसे मोजलेले असतात.

कोणी म्हणतील, मग सरकारी शाळेत का घालत नाहीत? इंग्रजीचा हव्यास कशाला? या भाषणबाजीत आम्ही पडत नाही. ज्यांची मुले इंग्रजी शाळेत गेली त्यांनी मजुराला मराठीचा उपदेश करू नये. कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितले होते की परिसरातली सगळी मुले, साहेबाची आणि शिपायाची, एकाच परिसरशाळेत जावीत. ते झाले असते तर शाळा आपोआप सुधारली असती. शिपायाने तक्रार केली तर कोणी ऐकत नाही, साहेबाची ऐकतात. झाले ते उलटे. साहेब कुंपणात गेला. उरलेला एक दुवा म्हणजे खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा माफ. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. या सहा महिन्यांत एकाही युनियनने संप सोडाच, साधे पत्रक काढलेले आमच्या पाहण्यात नाही. आम्हीही काढले नाही.

त्या जोडप्याकडे वळतो. त्यांच्याबरोबर दोन रविवार आम्ही फिरलो. इमारतीचा ओसी मागितला, एजंट म्हणाला, "काका, ओसी येतेच आहे." शाळेत जाऊन यूडायस क्रमांक विचारला, बाईंनी फी-पत्रक हातात दिले. ती पोरगी हुशार. तिने आणखी एक चाचणी लावली, जी आम्हाला पन्नाशी उलटूनही सुचली नव्हती. मुलीचे दप्तर स्वतः खांद्याला लावून ती इमारतीपासून शाळेपर्यंत चालून पाहायला निघाली. कल्याणच्या रस्त्यावर ट्रेलर आणि टँकर यांच्यातून रस्ता ओलांडायला तिला अकरा मिनिटे लागली. पलीकडे पोचल्यावर तिने नवऱ्याला हाताने नाही म्हणून खूण केली.

त्यांनी डोंबिवली पूर्वेला भाड्याने खोली घेतली, महापालिकेच्या मराठी शाळेपासून दोन गल्ल्यांवर. मुलीचे नाव तिथे घातले. तो आता रोज फाट्यावरून तळोज्याला जातो आणि येताना दीड तास रस्त्यात उभा असतो. बुकिंगचे पैसे हातात राहिले, पण भाडे दरवर्षी वाढणार, आणि स्वतःचे घर आणखी पाच वर्षे लांबले. त्यांनी बरोबर केले की नाही, हे आम्ही छातीठोक सांगू शकत नाही.

त्यानंतर आम्ही कपाट उघडून तीस वर्षांत सही केलेले वेतनकरार काढले. महागाई भत्ता, बोनस, कँटीन, गणवेश, साबण, बूट, सारे आहे. शाळेच्या नावाने शैक्षणिक भत्ता तेवढा सापडला. त्याची रक्कम या व्यासपीठावरून सांगायची आम्हाला लाज वाटते. वह्यांचे कव्हरसुद्धा त्यात येत नाही.

तळोज्याच्या त्या कारखान्याचा करार यंदा संपला. मार्च महिन्यात आम्ही नवे मागणीपत्र दिले. त्यात सतरावे कलम ती दोघे आणि आम्ही मिळून लिहिले: मान्यताप्राप्त शाळेजवळ भाड्याने राहणाऱ्या कामगारास घरभाड्याचा फरक द्यावा, शाळाप्रवेशाच्या आणि दाखल्याच्या कामासाठी वर्षातून दोन दिवसांची भरपगारी रजा द्यावी, आणि कंपनीच्या सामाजिक निधीतून फाट्याच्या परिसरातील महापालिकेच्या शाळेला वर्गखोल्या बांधून द्याव्यात. पहिल्या बैठकीत मालकाच्या वकिलांनी त्या कलमापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि विचारले, "याचा उत्पादनाशी संबंध काय?" दुसरी बैठक येत्या मंगळवारी आहे.